पहिल्याच उन्हाळ्यात दहा पुस्तकं? थांब जरा

मे महिन्यात दहा पुस्तकं वाचून दहा परीक्षणं लिहिणार म्हणतोस. मीही पहिल्या वर्षी बाराचा आकडा धरला होता. आंब्याची उतरण, मुंबईचे पाहुणे, दुपारभर गेलेली वीज. मृग लागेपर्यंत जेमतेम चार झाली. तेव्हा चारच धर: दोन कादंबऱ्या, दोन आत्मकथनं.

सुरुवात आपल्याच मुलखातून, कोकणातून कर. श्री. ना. पेंडशांची कादंबरी ‘गारंबीचा बापू’ (१९५२) आणि लगेच ऊर्मिला पवारांचं आत्मकथन ‘आयदान’ (२००३). आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू. लेखिकेची आई त्या विणून घर चालवायची. दोन्ही रत्नागिरी जिल्ह्यातली, पण गाव कुठल्या बाजूने दिसतं ते बघ. परीक्षणाला मुद्दा तिथेच सापडेल.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- अख्खी गोष्टच सांगून टाकतात. तिला चार ओळी पुरेत.
- ‘मनाला भिडलं’ लिहून मोकळे होतात. कुठलं पान भिडलं? मी खुणेला एसटीचं तिकीट ठेवतो, पाठीमागे पान क्रमांक आणि दोन शब्द.
- आत्मकथनात माणसालाच गुण देत बसतात. त्याने काय सांगितलं, काय गाळलं, कुठल्या भाषेत, ते लिही.

पन्नास पानांनंतरही रेटावं लागलं तर पुस्तक खुशाल परत कर. आणि फणस खाताना वाचू नकोस. वाचनालयाच्या पुस्तकाला लागलेला चीक निघत नाही. दंड भरलाय मी.

पहिलं परीक्षण दोनशे शब्दांचं कर, मग बोलू.