पेट्रोल पंपाच्या छताखालचे दिवे: वॅटआधी जागा बघा

दिवे निवडण्याआधी नकाशावर डिस्पेन्सर (गाडीत पेट्रोल भरायचं यंत्र), टाक्यांची तोंडं आणि व्हेंट पाइप (टाकीतली वाफ बाहेर सोडणारा पाइप) यांच्याभोवतीचा धोक्याचा भाग आखून घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत आणि खड्ड्यांत साचते. म्हणून उंच छतापेक्षा खालची वायरिंग, जंक्शन बॉक्स आणि स्विच जास्त घातक. त्या भागात प्रमाणित फ्लेमप्रूफ, म्हणजे आतला भडका बाहेरच्या वाफेपर्यंत पोचू न देणारं, साहित्यच हवं. ते महाग घेऊन लोक साधी ग्लँड (केबल बॉक्समध्ये शिरते तिथलं पकड घेणारं तोंड) लावतात किंवा न वापरलेलं केबलचं भोक उघडं सोडतात; मग त्या बॉक्सचा काही उपयोग उरत नाही. भोकाला प्रमाणित प्लग लावाच.

छताला ४०० वॅटच्या मेटल हॅलाइड या जुन्या प्रकारच्या दिव्याऐवजी साधारण १५० वॅटचा एलईडी सहसा पुरतो, जुन्या दिव्याला लागणाऱ्या चोकचा वेगळा खर्चही वाचतो. आयपी६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून बचावाचा दर्जा) किंवा वरचा, सपाट काचेचा घ्या. काच खाली लोंबत असेल तर चालकाच्या डोळ्यांवर तिरीप येते. आणि कृपा करून गरजेपेक्षा जास्त उजेड करू नका: बाहेर पडणाऱ्याला पुढचा अंधारा रस्ता काही क्षण दिसतच नाही.

रात्री गर्दी ओसरली की सेन्सरने उजेड कमी करता येतो, पण डिस्पेन्सरजवळ पूर्ण अंधार कधीच नको. विजेच्या दाबाचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर विसरू नका, एलईडीला वीज पुरवणारे ड्रायव्हर अनेकदा त्याच्याअभावी जळतात.