शाळांचं तंत्रज्ञान धोरण: सुरुवात कुठून करावी

मॅडम, संस्थेच्या सगळ्या शाळांसाठी धोरण लिहायचं काम तुमच्याकडे आलं, हे फार चांगलं झालं. रोज वर्गात उभं राहणाऱ्या माणसानेच ते लिहावं. टॅब कोणते घ्यायचे हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. बहुतेक जण तिथूनच सुरू करतात आणि धोरणाची खरेदी-यादी होते.

आधी शाळा फिरा. कोथरूडमध्ये चालेल ते भोरच्या डोंगराळ भागात पावसाळ्यात चालेलच असं नाही. किमान काय हवं तेवढं ठरवा, बाकी मुख्याध्यापकांवर सोडा.

सगळ्यात जास्त वेळ मुलांच्या माहितीला द्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा १८ वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानतो. इकडे पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकालाचे तक्ते, आधार क्रमांक, फोटो सर्रास फिरतात. ते आधी थांबवा. नवं अ‍ॅप घेताना विचारा: कोणती माहिती घेणार, कुठे ठेवणार, मूल शाळा सोडून गेल्यावर पुसणार का? उत्तर लेखीच घ्या.

हमखास होणाऱ्या चुका:
- दुसऱ्या संस्थेचं धोरण जसंच्या तसं उतरवणं
- दुरुस्तीला आणि शिक्षकांच्या प्रशिक्षणाला पैसेच न ठेवणं. बंद पडलेले प्रोजेक्टर कपाटात जातात ते यामुळेच.
- तक्रार कुणाकडे करायची ते न लिहिणं

मसुदा छोटा ठेवा, सोप्या मराठीत, आणि पालक-शिक्षक संघात वाचून दाखवा. फिल्टर, सर्व्हर, कृत्रिम बुद्धिमत्ता नंतर बघू. पहिला मसुदा झाला की पाठवा, मी ओळ न ओळ वाचेन.