सबसिडी 3 किलोवॉटला थांबते, मग 5 किलोवॉट कशासाठी?

प्रश्न असा आला आहे: जळगावातले एक निवृत्त शिक्षक. स्वतःचं घर, मोकळी गच्ची. वर्षाचा वीजवापर साधारण 3,150 युनिट. मे महिन्यात 400 च्या वर, जानेवारीत 185. वर्षाचं बिल 37 हजारांच्या घरात. पीएम सूर्यघर योजनेत सोलर बसवायचा आहे. कोटेशन मिळालं ते असं: 2 किलोवॉटला 1,40,000, 3 ला 1,95,000 आणि 5 ला 3,00,000. विक्रेता म्हणतो, ‘सबसिडी आहे तोवर 5 च घ्या.’ मुलगा म्हणतो, एसी लावू. शिक्षक विचारतात, एफडी मोडू की कर्ज काढू?

सर, नमस्कार.

विक्रेत्याने तुम्हाला सबसिडीचा आकडा सांगितला, पण ती कुठे थांबते ते सांगितलं नाही. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000, तिसऱ्याला 18,000. एकूण 78,000, आणि तिथे विषय संपला. 5 किलोवॉट घेतलात तरी 78,000 च. म्हणजे 3 वरून 5 किलोवॉटवर जायचे जास्तीचे 1,05,000 रुपये पूर्णपणे तुमच्या खिशातून जाणार.

बरं, त्या दोन किलोवॉटची वीज जाणार कुठे? नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरने महावितरणला दिलेली वीज तुमच्या वापरातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात वळती होतात हे खरं, पण हिशेब 31 मार्चला बंद होतो. तोपर्यंत उरलेली युनिटं महावितरण विकत घेते, मात्र तुम्ही ज्या दराने वीज घेता त्याच्या जवळपासही तो दर नसतो. आता जळगावचं वर्ष बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी ऊन लख्ख, पंखे बंद, वापर कमी, युनिटं साठतात. मार्चअखेर ती निघून जातात आणि एप्रिलमध्ये, पारा 42 च्या पुढे जातो तेव्हा, तुमची शिल्लक शून्य. वर्षाची सरासरी काढून सोलर विकणारे ही गोष्ट सांगत नाहीत.

1 किलोवॉटमधून आपल्याकडे वर्षाला साधारण 1,350 ते 1,400 युनिटं धरावीत. पावसाळा आणि खानदेशातली धूळ जमेस धरून. 2 किलोवॉटची झाली 2,700 च्या आसपास. तुमचा बहुतेक वापर त्यात निघतो. शिवाय सोलर तुमच्या बिलातली वरची, महाग युनिटं आधी कापतो. मे महिन्यात तुम्ही 300 च्या वरच्या टप्प्यात जाता, तिथला दर पहिल्या 100 युनिटांच्या दुपटीहून जास्त आहे, आणि वर 16 टक्के वीज शुल्क. तुमची बिलं समोर ठेवून मी गणित मांडलं तर 2 किलोवॉटवर वर्षाला 28 ते 30 हजार वाचतात. खर्च 1,40,000, सबसिडी 60,000, म्हणजे हातचे 80,000. तीन वर्षांत वसूल. स्थिर आकार मात्र भरावाच लागेल, ‘शून्य बिल’ हा जाहिरातीतला शब्द आहे.

तिसरा किलोवॉट सबसिडी जाऊन 37,000 ला पडतो आणि वर्षाला पाचेक हजार वाचवतो. वाईट नाही, एफडीपेक्षा बराच. पण तेच काम स्वस्तात होतं. तुमच्या घरातले चार जुने पंखे प्रत्येकी 75 वॉट खातात. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा 30 वॉटच्या आसपास. रोज बारा तास धरले तर चार पंख्यांमागे महिन्याला साठ-पासष्ट युनिटं वाचतात, तीही नेमकी उन्हाळ्यात. खर्च बारा हजारांच्या आतबाहेर. याला सबसिडी नाही, म्हणून कुणी दारात येऊन विकतही नाही.

एसीचं म्हणाल, तर मुलगा-सून पुण्याला राहतात आणि मेमध्ये आठवडाभर येतात असं तुम्हीच लिहिलंय. त्या आठवड्यासाठी किलोवॉट वाढवू नका. तुम्हा दोघांना रोज रात्री एसी हवाच असेल तर गोष्ट वेगळी, मग 3 घ्या. 5 कुठल्याच हिशेबात बसत नाही.

आता पैसे. सबसिडी नंतर येते, आधी पूर्ण रक्कम द्यावी लागते. यंत्रणा सुरू होऊन तपासणी झाली की ती थेट बँक खात्यात जमा होते. सरकारी बँका 3 किलोवॉटपर्यंत विनातारण कर्ज देतात, व्याज रिझर्व्ह बँकेच्या रेपो दराला बांधलेलं, ग्राहक कर्जांच्या मानाने स्वस्त. तरी तुम्हाला मी कर्ज सुचवणार नाही. तुमची दोन लाखांची एफडी जूनमध्ये पिकते आहे. तोवर थांबा, मोडून दंड भरू नका. दुसरी तीन लाखांची एफडी आजारपणासाठी आहे, तिला हात लावू नका. आणि एफडीच्या व्याजावर कर लागू शकतो, वाचलेल्या बिलावर लागत नाही.

थांबण्याचं आणखी एक कारण आहे. तुम्ही पाठवलेल्या बिलावर ग्राहक म्हणून अजून तुमच्या वडिलांचं नाव आहे. मीटर, अर्ज आणि बँक खातं एकाच नावावर नसेल तर सबसिडी अडकते. मृत्यूचा दाखला आणि मालमत्तेचा उतारा घेऊन महावितरणकडे नावबदल आधी करून घ्या. योजना 2026-27 पर्यंत आहे, त्यामुळे हे काम मात्र लांबवू नका.

कोटेशनमध्ये दोन गोष्टी लिहून मागा: पॅनेल भारतात बनलेल्या सेलचे आहेत का, कारण नसतील तर सबसिडी मिळत नाही, आणि पाच वर्षांची देखभाल कोण करणार. शेवटी वहिनींना एक सांगून ठेवा: वीज गेली की हा सोलरही बंद पडतो, लाईनमनच्या सुरक्षेसाठी तशी रचनाच असते. घरातला जुना इन्व्हर्टर भंगारात देऊ नका.