छेत्रीनंतर गोल कोण करणार? आधी क्लबांच्या संघांकडे बघा

भारताच्या फुटबॉल संघाचा सर्वाधिक गोल करणारा सुनील छेत्री चाळिशीत पोचल्यापासून दोन तक्रारी ऐकू येतात: भारताची आघाडीची फळी गोल करत नाही, आणि प्रशिक्षकांना चांगले स्ट्रायकर (गोल करण्यासाठी सगळ्यात पुढे खेळणारे) निवडता येत नाहीत. पहिली अगदी खरी आहे. दुसरी मला पटत नाही, कारण निवडायला माणसं असावी लागतात.

आधी गोलांचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात आपण तीन सामने खेळलो आणि एकही गोल केला नाही. २०२७ च्या आशिया चषक पात्रता फेरीत पहिल्या पाच सामन्यांत मिळून दोन. त्यातला एक रहीम अलीने सिंगापूरच्या बचावाच्या चुकीवर साधला, दुसरा छांगतेने गोव्यात फातोर्ड्याला लांबून मारला. दोन्ही झकास, पण गोलसमोरच्या बॉक्समध्ये उभं राहून, क्रॉसवर, म्हणजे मैदानाच्या कडेने आत आलेल्या चेंडूवर, बचावपटूच्या आधी पोचून केलेला एकही नाही. या काळात राष्ट्रीय प्रशिक्षक स्टिमाच गेले, मानोलो मार्केझ येऊन गेले, खालिद जमील आले. म्हणजे दुखणं प्रशिक्षकापाशी नाही.

मनवीर सिंगचं उदाहरण घ्या. मार्च २०१७, बांबोळी, संतोष ट्रॉफीची अंतिम लढत. गोवा विरुद्ध बंगाल, शून्य-शून्य, जादा वेळही संपत आलेला, आणि ११९व्या मिनिटाला बंगालच्या मनवीरने गोल करून गोव्याच्या तोंडचा घास काढला. असा पोरगा एफसी गोवा क्लबने लगेच उचलला, ते बरोबरच केलं. पण तिथे नऊ नंबरच्या, म्हणजे मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर स्पेनचा कोरो होता, सलग दोन हंगाम आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग, देशातली अव्वल लीग) सर्वाधिक गोल करणारा. त्याला बसवून मनवीरला कोण खेळवणार? पुढे मनवीर कोलकात्याला गेला आणि उजव्या विंगवरचा, म्हणजे कडेने खेळणारा खेळाडू झाला. खेळाडू म्हणून तो सुधारला, यात वादच नाही. पण देशासाठी खेळताना आपण त्याच्याकडून पुन्हा मधल्या स्ट्रायकरचं काम मागतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुवेतला छांगतेच्या क्रॉसवर त्याने विजयी गोल केलाही. मात्र बचावपटूला पाठीवर घेऊन चेंडू धरणं, त्याच्या नजरेआड सरकणं, पहिल्या स्पर्शातच फटका मारणं, हे दर आठवड्याला नव्वद मिनिटं केल्याशिवाय अंगात मुरत नाही.

आपल्या मुंबई सिटी क्लबचंही तेच. मार्च २०२१ च्या आयएसएल अंतिम सामन्यातला नव्वदाव्या मिनिटाचा गोल आठवा: बॉक्समध्ये चेंडूवर ताबा मिळवून तो पुढे दिला नायजेरियाच्या ओगबेचेने, जाळ्यात मारला बिपिनने. विजेतेपदाचा आनंद आपण सगळ्यांनीच केला. पण निर्णय घेणारा मधला माणूस परदेशी आणि भारतीय विंगवर, हीच मांडणी जवळपास प्रत्येक क्लबची आहे. म्हणून आपल्याकडे विंगरांची रांग आहे: छांगते, लिस्टन, बिपिन, महेश. त्यांचा क्रॉस बॉक्समध्ये येतो तेव्हा तिथे कोणी नसतं. २०२३ च्या ड्युरंड कपात सर्वाधिक गोल करणारा डेव्हिड लालहलानसांगा पुढच्या वर्षी ईस्ट बंगालमध्ये गेला, तर त्याच उन्हाळ्यात तिथे ग्रीक स्ट्रायकर दियामांताकोसही आला. हंगाम कसा गेला असेल, हे सांगायला नको. आणि मार्च २०२५ मध्ये मानोलोंनी निवृत्त छेत्रीला चाळिशीत परत बोलावलं त्यावर खूप टीका झाली, पण त्या आयएसएल हंगामात त्याचे १४ गोल होते, भारतीयांत सर्वाधिक. दुसरं कोण होतं, सांगा.

क्लबांचे परदेशी खेळाडू कमी करा, असंही सुचवलं जातं. आयएसएलमध्ये २०२१-२२ पासून एका संघाचे मैदानात चारच असतात. उद्या तीन केले तरी क्लब मधला बचावपटू किंवा मधल्या फळीतला एखादा कमी करतील, स्ट्रायकर शेवटपर्यंत ठेवतील. ज्याची नोकरी पुढच्या तीन निकालांवर आहे तो प्रशिक्षक दुसरं काय करेल? ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा मार्गही भारतीय पासपोर्ट घेतल्याशिवाय बंदच आहे.

माझ्या मते खरा फरक पडेल तो खेळाडू उसना देण्याने. १९-२० वर्षांच्या स्ट्रायकरला आयएसएलच्या बाकावर शेवटच्या दहा मिनिटांसाठी बसवण्यापेक्षा अख्खा हंगाम त्याखालच्या, दुसऱ्या श्रेणीच्या राष्ट्रीय लीगमध्ये पाठवा, आणि करारातच लिहून घ्या की तो मधला स्ट्रायकर म्हणूनच खेळेल, विंगवर नाही. पगार मूळ क्लबने द्यावा, म्हणजे छोट्या क्लबांनाही परवडेल.