वाचकांचे प्रश्न : बिंदू वाढवले आणि उत्तर बिघडले

प्रश्न : आमच्या शेतात बोअर घेण्याआधी जमिनीत चार लोखंडी खुंट्या ठोकून विजेची पाहणी झाली. बाहेरच्या दोन खुंट्यांतून प्रवाह सोडतात, आतल्या दोहोंमधील विभवांतर मोजतात आणि बाहेरच्या खुंट्या टप्प्याटप्प्याने लांब नेतात. मी गणितात एम. एस्सी. करीत असल्याने त्या वाचनांवरून खोलीनुसार रोधकता (जमिनीचा विजेच्या प्रवाहाला होणारा विरोध) काढणारा प्रोग्रॅम लिहून पाहिला. एकसारख्या जमिनीत रोधकतेचा थोडाथोडा बदल आहे असे धरले, म्हणजे प्रत्येक वाचनातील फरक हे त्या बदलाचे इंटिग्रल ठरते. खोलीचे १० भाग केले तेव्हा उत्तर पटण्याजोगे आले. मग वाचनांचा आलेख काढून त्यावरून ४० बिंदू घेतले, भागही ४० केले, तर एका थरात रोधकता हजारोंच्या घरात आणि लगतच्या थरात चक्क उणे आली. चूक कोठे असावी?
– एक विद्यार्थी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : प्रोग्रॅममध्ये चूक असेलच असे नाही, आपण वर्णन केलेले लक्षण प्रश्नाच्या स्वभावातूनच येते. अज्ञात फंक्शन केवळ इंटिग्रलच्या आत असेल, तर ते फ्रेडहोम या गणितज्ञाच्या नावाचे पहिल्या प्रकारचे समीकरण होय, आणि तेच फंक्शन बाहेरही सुटे उभे असेल, तर दुसऱ्या प्रकारचे. पाठ्यपुस्तकात हा भेद एका ओळीत उरकला जातो, पण आकडेमोडीत सारे त्यावरच अवलंबून असते.

आधी दुसरा प्रकार हाताने सोडवून पाहावा. फ(क्ष) बरोबर क्ष, अधिक क्ष·य·फ(य) याचे य च्या ० ते १ या मर्यादांतील इंटिग्रल, असे समीकरण घ्या. त्याचे अचूक उत्तर १.५ क्ष आहे. आता इंटिग्रलच्या जागी समलंब नियमाची (आलेखाखालच्या भागाचे समलंब चौकोन पाडून केलेली) बेरीज ठेवा. इंटिग्रलऐवजी भारित बेरीज ठेवण्याची ही रीत फिनलंडच्या न्यूस्ट्रॉम यांच्या १९३० मधील लेखामुळे त्यांच्या नावाने ओळखली जाते. दोन बिंदू घेतले तर उत्तर २ क्ष येते, तीन घेतले तर १.६ क्ष आणि पाच घेतले तर सुमारे १.५२४ क्ष. बिंदू वाढतात तसे उत्तर सुधारत जाते. सिम्पसनचा नियम वापरल्यास तीनच बिंदूंत नेमके १.५ क्ष हाती येते, कारण येथे बेरजेखालची राशी केवळ वर्गाची आहे.

पहिल्या प्रकारात, आणि आपले समीकरण त्याच प्रकारचे आहे, हा भरवसा राहत नाही. कर्नल, म्हणजे इंटिग्रलमध्ये अज्ञाताला गुणणारे ज्ञात फंक्शन, म्हणून ई चा क्ष·य हा घात घ्या (क्ष आणि य दोन्ही ० ते १) आणि अज्ञात फंक्शन सगळीकडे १ आहे असे माना. आता त्यात १०० पाय य या कोनाची साइन मिळवा. फंक्शन ० ते २ यांच्या दरम्यान जोरजोराने हेलकावू लागते, पण इंटिग्रलमध्ये पडणारा फरक कोठेही एक टक्क्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसतो. इंटिग्रल हेलकावे पुसून टाकते. शेतातील वाचनात एक टक्का चूक तर सहज असते, तेव्हा उलट दिशेने जाताना ती एक टक्का चूक अशाच मोठ्या हेलकाव्यांच्या रूपाने उत्तरात उतरते. दहा भागांत बारीक हेलकावा मावतच नव्हता म्हणून आपण बचावलात. चाळीस भागांनी त्याला जागा करून दिली. आलेखावरून वाढवलेल्या बिंदूंनी नवी माहिती मिळत नाही, फक्त समीकरणांच्या मॅट्रिक्समध्ये (सहगुणकांच्या तक्त्यात) एकमेकांसारख्या रांगा वाढतात आणि त्याचा कंडिशन नंबर, म्हणजे वाचनांतील चूक उत्तरात किती पटींनी वाढू शकते तो आकडा, भरमसाट होतो. ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही वेळचा हा आकडा काढून पाहावा.

यावर गणितज्ञ तिखोनोव्ह यांनी १९६३ मध्ये मांडलेला उपाय रूढ आहे. समीकरण तंतोतंत जुळवण्याचा आग्रह सोडायचा आणि विसंगतीच्या (प्रत्यक्ष वाचने आणि उत्तरावरून येणारी वाचने यांतील फरकाच्या) वर्गात उत्तराच्या आकारमानाचा वर्ग अल्फा या लहान संख्येने गुणून मिळवायचा. या बेरजेची किमान किंमत देणारे फंक्शन हेच उत्तर मानायचे. गणिती रूपात, मॅट्रिक्सचा पक्षांतरित (रांगा आणि स्तंभ यांची अदलाबदल केलेला) आणि मूळ मॅट्रिक्स यांच्या गुणाकाराच्या कर्णावर अल्फा मिळवून समीकरणे सोडवावी लागतात. अल्फा किती, हा खरा कळीचा प्रश्न. वाचनांत एक टक्का चूक असेल, तर उरणारी विसंगतीही तेवढीच राहील इतका अल्फा वाढवावा. विसंगती त्याहून कमी करण्याचा हट्ट म्हणजे चुकीलाच भूगर्भ समजणे. शिवाय अज्ञात म्हणून रोधकतेऐवजी तिचा लॉगॅरिदम घेतल्यास उणे उत्तराची शक्यताच उरत नाही. मात्र मग समीकरण रेषीय राहत नाही आणि दर फेरीला नव्याने रेषीय करून घ्यावे लागते.

तरीही एक मर्यादा कोणत्याही गणिताने ओलांडता येत नाही. दोन जास्त रोधकतेच्या थरांमध्ये कमी रोधकतेचा पातळ थर असेल, तर वाचनांना जाडी आणि रोधकता यांचा फक्त भागाकार कळतो. आपल्याकडे काळी माती, मुरूम आणि खाली काळा दगड असा क्रम सर्रास आढळतो. त्या दगडातील फुटका, ओला पट्टा खोलीच्या मानाने पातळ असेल, तर ५ मीटर जाडी आणि १० ओहम-मीटर, किंवा १० मीटर जाडी आणि २० ओहम-मीटर, या दोन्हींचे आलेख जवळपास एकच दिसतात. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात (खाऱ्या भूजलाच्या भागात) तर कमी रोधकता खाऱ्या पाण्याची की चिकणमातीची, हेही आलेख सांगत नाही. अशा वेळी शेजारच्या विहिरीत दगड किती हातांवर लागला ही माहिती समीकरणात अट म्हणून घालावी. आणखी चाळीस बिंदूंपेक्षा तिचे मोल अधिक आहे.

प्रश्न : माझे समीकरण दुसऱ्या प्रकारचे आहे आणि कर्नल सौम्य, म्हणजे टोक वा अनंतता नसलेला, आहे. २०,००० बिंदू घेतले की महाविद्यालयातील ४ जीबी मेमरीचा संगणक अडून बसतो. मॅट्रिक्सचा व्यस्त काढणे शक्य नाही का?
– एक प्राध्यापक, जि. वर्धा

उत्तर : व्यस्त मुळी काढूच नये, समीकरणे सोडवण्यासाठी त्याची गरज नसते. २०,००० बिंदूंच्या मॅट्रिक्समध्ये ४० कोटी संख्या असतात आणि प्रत्येकी ८ बाइट धरल्यास ३.२ जीबी त्यातच खर्ची पडते. गाऊसच्या निरसनाला (एकेक अज्ञात काढून टाकण्याच्या रीतीला) वर सुमारे २.७ लाख कोटी गुणाकार लागतात, आणि बिंदू दुप्पट केले की हे काम आठपट होते. त्याऐवजी साद आणि शुल्ट्झ यांची १९८६ ची जीएमआरईएस ही पुनरावृत्तीची पद्धत वापरावी. तिला मॅट्रिक्स साठवलेला लागत नाही. दिलेल्या सदिशाला त्याने गुणून दिले की पुरते, आणि घटक त्या त्या वेळी कर्नलवरून काढता येतात. एका फेरीला ४० कोटी गुणाकार पडतात. दुसऱ्या प्रकारच्या समीकरणात मॅट्रिक्सच्या आयगेन किमती (काही खास सदिशांना मॅट्रिक्स जितक्या पटीने ताणतो त्या संख्या) १ भोवती गोळा होत असल्याने फेऱ्यांची संख्या बिंदूंबरोबर फारशी वाढत नाही. वीस फेऱ्या लागल्या तरी एकूण काम निरसनाच्या तीनशेव्या हिश्श्याहून कमी भरते.

मात्र कर्नल सौम्य असताना २०,००० बिंदू कशासाठी, हे आधी तपासावे. समलंब नियम सोडून गाऊसचे बिंदू (अचूकतेसाठी असमान अंतरांवर निवडलेले) घेतल्यास बहुधा ३०-४० बिंदूंतच हवी ती अचूकता मिळेल आणि जुना संगणकही क्षणात उत्तर देईल. कर्नलला टोक किंवा अनंतता असेल तरच मोठ्या मॅट्रिक्सकडे वळावे; लाखांच्या घरातील बिंदूंसाठी मग ग्रीनगार्ड आणि रोखलिन यांची १९८७ ची फास्ट मल्टिपोल पद्धत आहे, जी दूरच्या बिंदूंच्या गटांचा एकत्रित परिणाम मोजून हेच गुणाकाराचे काम जवळपास बिंदूंच्या प्रमाणातच आटोपते. जीएमआरईएस ऑक्टेव्हमध्ये आणि पायथॉन भाषेच्या सायपाय या संचामध्ये तयार मिळते, दोन्ही विनामूल्य आहेत.