इसार घेऊ नका, आधी सोनोग्राफी करा

प्रश्न : मी परभणी जिल्ह्यातला शेतकरी. आधारवर वय ६८, आई सांगायची त्या हिशेबानं ७१. दोन वर्षांपासून रात्री चार-पाच वेळा लघवीला उठतो. धार बारीक झाली, थांबून थांबून येते. लग्नाला जाताना बसमध्ये धोतर ओलं झालं, तेव्हापासून गावाला जाणं सोडलं. दुपारी चारनंतर पाणी पीत नाही. शहरातल्या खाजगी दवाखान्यात प्रोस्टेट सांगितलं, ऑपरेशनला ९० हजार म्हणाले. सोयाबीननं औंदा हात दिला नाही. एका एकराला गिऱ्हाईक आहे, दिवाळी झाली की इसार देतो म्हणतोय. मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला बोललो नाही. मंडळीलाही नाही. रात्री बैल बघायला उठतो म्हणून सांगतो. जमीन विकू का?

काका,

आधी त्या गिऱ्हाइकाला थांबवा. एकदा इसार घेतला की गावात शब्द फिरवता येत नाही. आणि ऑपरेशन लागणारच, असं सांगणारा एकही कागद तुमच्या पत्राच्या पाकिटात मला दिसला नाही. एक पीएसएचा, म्हणजे प्रोस्टेटसाठी करतात त्या रक्ततपासणीचा रिपोर्ट, एक गोळ्यांची चिठ्ठी आणि कोऱ्या कागदावर नुसता आकडा. खाली ना सही, ना शिक्का. एवढ्यावर म्हशीचा सौदासुद्धा कुणी करत नाही.

प्रोस्टेट ही पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असलेली ग्रंथी. वय वाढेल तशी ती वाढते आणि नळी दाबते. साठीनंतर निम्म्या पुरुषांत ती वाढलेली सापडते. पारावर बसणाऱ्या तुमच्या जोडीदारांतही दोघं-तिघं असेच रात्री बैल बघायला उठत असतील. ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. पीएसए वाढलाय म्हणून तुम्ही घाबरलात, पण ग्रंथी नुसती वाढली किंवा लघवीत जंतुसंसर्ग झाला तरी तो आकडा वर जातो. दुर्लक्षही करायचं नाही. तो रिपोर्ट मूत्रविकार तज्ज्ञाला, म्हणजे युरोलॉजिस्टला दाखवायचा आणि पुढं काय ते त्याला ठरवू द्यायचं.

जमिनीचा निर्णय ज्यावर अडलाय ती तपासणी सोनोग्राफीची आहे, आणि तीच तुमची झालेली नाही. मूत्राशय भरलेलं असताना एकदा बघतात, लघवी करून आलात की पुन्हा बघतात. आत किती लघवी शिल्लक राहिली ते मिलिलिटरमध्ये कळतं आणि किडनीला सूज आहे का तेही दिसतं. सोबत लघवीची तपासणी, किडनीचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन, आणि साखर. साखर मुद्दाम सांगतेय, कारण मधुमेहातही माणूस रात्री सारखा उठतो आणि दोष प्रोस्टेटवर जातो. डॉक्टर गुदद्वारातून बोटानंही तपासतील. मिनिटभराचं काम आहे, लाजून नको म्हणू नका.

ऑपरेशन कधी लागतं? लघवी तुंबून आत रबरी नळी टाकावी लागली आणि ती काढल्यावर लघवी पुन्हा सुटेना, किडनीवर ताण आला, मूत्राशयात खडा झाला, सारखा संसर्ग व्हायला लागला, वरचेवर रक्त जायला लागलं, किंवा गोळ्या नीट घेऊनही फरक पडला नाही, तर. यातलं काही तुमच्या पत्रात नाही. गोळ्या तर तुम्ही आठ दिवस घेऊन चक्कर येते म्हणून सोडल्यात. चिठ्ठीवरच्या टॅमसुलोसिननं उठताना चक्कर येऊ शकते, विशेषतः सुरुवातीला. डॉक्टरांशी बोलून ती पुन्हा सुरू करता येईल. रात्री उठताना आधी बाजेच्या कडेला पाय सोडून बसा, मग उभे राहा. मोतीबिंदूच्या शिबिराला जाणार असाल तर ही गोळी चालू आहे किंवा होती, हे डोळ्यांच्या डॉक्टरला आधी सांगा. मोतीबिंदू काढताना त्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. सर्दी झाली की मेडिकलवरून न विचारता गोळ्या आणू नका, काही गोळ्यांनी लघवी अडते. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, जनऔषधी दुकानात तेच बरंच स्वस्त मिळतं. बाहेरून रोज विकत आणायच्या गोळ्यांचे पैसे सहसा खिशातूनच जातात, म्हणून ही काटकसर महत्त्वाची.

चारनंतर पाणी बंद, हे मात्र आजच सोडा. आपल्याकडच्या उन्हात दिवसभर रानात राहून पाणी तोडलं तर लघवी गडद होते, जळजळ होते, खडा धरतो. दिवसा भरपूर प्या. झोपायच्या आधीचे दोन-तीन तास कमी करा आणि संध्याकाळचा दुसरा चहा सोडा. तो बसमधला प्रसंग पुन्हा नको म्हणून गावाला जाणं कशाला सोडायचं? निघताना एकदा जाऊन या, गाडी थांबेल तिथं लागलेली नसली तरी उतरा.

आता पैशाचं. तपासण्यांसाठी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यापासून सुरुवात करा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. नांदेडचं किंवा अंबाजोगाईचं मेडिकल कॉलेज, संभाजीनगरची घाटी हे दुसऱ्या खात्याचे दवाखाने, तिथं थोडेफार पैसे लागू शकतात. ऑपरेशन ठरलंच तर महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत, आणि आता रेशनकार्ड पिवळं, केशरी, पांढरं कुठलंही चालतं. आपल्या मराठवाड्यातल्या पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सातबारावर ही योजना त्याआधीपासूनच होती, हे कित्येकांना अजून ठाऊक नाही. प्रोस्टेटचं ऑपरेशन योजनेत बसतं. पण दवाखाना योजनेत असला तरी या आजारासाठी असेलच असं नाही, म्हणून भरती व्हायच्या आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला गाठा. तो योजनेच्या दवाखान्यातच बसतो. नाहीतर १५५३८८ वर फोन करून जवळचा दवाखाना विचारा. ज्यांनी ९० हजार सांगितले त्यांनाही एकदा विचारा, 'तुम्ही योजनेत आहात का?' गप्प बसले तर उत्तर मिळालं.

सत्तरीपुढच्यांना उत्पन्न न बघता मिळणारं आयुष्मान वय वंदना कार्डही आहे, पण तिथं आईचा हिशेब चालत नाही, आधार चालतं. तुमच्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख गुरुजींनी १ जून लावून टाकलीय, तुमचीही तीच असेल! त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊन आधार बदलत बसू नका. तुमचं काम रेशनकार्डावर भागतं. फक्त त्यावर तुमचं नाव आहे ना आणि ते आधारशी जुळतंय ना, तेवढं रेशन दुकानात बघून घ्या.

मुलाला सांगा, आणि या आठवड्यातच सांगा. त्याच्या पगारातून ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पैसे कापत असतील तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या आईवडिलांनाही त्यात उपचार मिळतात. कापत नसतील तर कंपनीच्या विम्यात आईवडील आहेत का, हे त्यालाच बघता येईल. तुम्ही त्याचे पैसे वाचवायला गप्प बसलात, आणि तो ज्याचे पैसे दर महिन्याला भरत असेल तेच वाया चाललंय. एकर विकल्यावर त्याला कळलं तर तो तुम्हाला काय म्हणेल, ते मी लिहीत नाही.

पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलनं विचारलंत, ऑपरेशननंतर 'पुरुषपण' राहतं का. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर बहुतेकांची ताकद राहते. वीर्य मात्र बाहेर यायच्या ऐवजी मागं मूत्राशयात जातं आणि लघवीवाटे निघून जातं. त्यानं अपाय होत नाही. टॅमसुलोसिननंही वीर्य कमी आल्यासारखं वाटू शकतं. हाच प्रश्न डॉक्टरलाही विचारा, ऑपरेशनच्या कागदावर सही करायच्या आधी. पण रस्त्याकडेच्या तंबूत जाऊन पुड्या आणू नका, त्यात काय कालवलंय ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

मंडळींना आज रात्रीच सांगा. रोज चार-चार वेळा बैल बघायला जाणारा माणूस घरात असला की बाईला काही कळत नाही, असं समजू नका. शिवाय त्यांना सांगायला एक कारण आहे. कधी लघवी अजिबात झाली नाही, ओटीपोट फुगून कळा आल्या, किंवा लघवीत रक्ताच्या गाठी दिसल्या, तर सकाळची वाट बघायची नसते. ताप येऊन हुडहुडी भरली तरी तेच. १०८ ला फोन करायचा आणि सरकारी दवाखान्यात नळी टाकून घ्यायची. त्या वेळी फोन त्यांनाच करावा लागेल. नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.