आधी नवं खोटं थांबव

सप्रेम आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘घरी सगळं सांगून टाकू का’ हा प्रश्न त्यात तीनदा आलाय आणि तिन्ही वेळा त्याला ‘की आयुष्यभर गप्प बसू’ हे शेपूट आहे. सांगणं आणि गप्प बसणं यांच्यामध्ये बरीच मोकळी जागा असते. आत्ता तुझं काम तिथे आहे. खरं कधी सांगायचं ते नंतर ठरव. त्याआधी नवं खोटं रचणं बंद कर.

नेमकं काय झाकलंय ते तू लिहिलेलं नाहीस, आणि मला ते कळायची गरजही नाही. नको असलेली शिक्षणाची शाखा, उडालेली श्रद्धा, घरच्यांना न चालणारं प्रेम, लग्नच नको असणं, मुलांबद्दल ओढ वाटते की मुलींबद्दल हे, यातलं काहीही असो, लपवण्याची यंत्रणा साधारण एकाच पद्धतीने चालते. धोका मात्र सगळीकडे सारखा नसतो. त्याबद्दल पुढे लिहिलंय, ते वगळू नकोस.

‘लपवणं’ या एका शब्दात तू तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेस. पहिली, न सांगणं. मनातलं सगळं घरी सांगायचं कर्ज कोणावरच नसतं. दुसरी, दिसू न देणं: मत गिळणं, आवाज बदलणं, न पटलेल्या विनोदाला हसणं. तिसरी, खोटं रचणं: कुठे होतो, कोणाबरोबर होतो, परीक्षा कशी गेली. पहिलीचा त्रास फारसा नसतो. दुसरीने दमायला होतं. व्याज चढतं ते तिसरीवर. रचलेल्या प्रत्येक गोष्टीला वार लागतो, ठिकाण लागतं आणि बहुधा एक साक्षीदारही. मग त्या मित्राला किंवा मैत्रिणीलाही तेच पाठ करावं लागतं. पुढे सगळं उघड झालं की घरचे मूळ गोष्टीपेक्षा या तपशिलांवरच जास्त अडतात. ‘म्हणजे त्या रविवारीही तू खोटंच बोललं होतंस?’ या प्रश्नाला चांगलं उत्तर नसतं. म्हणून असे रविवार वाढू देऊ नकोस.

चौदा दिवस एक नोंद ठेव. कागदावर चार रकाने आख: कोणासमोर, काय झाकलं, तीनपैकी कुठला प्रकार, आणि नंतर ते किती वेळ डोक्यात घोळलं. नावांऐवजी खुणा वापर. घरातला कोणी तुझा फोन उघडत असेल तर फोनवर काहीही लिहू नकोस. यात हमखास होणारी चूक म्हणजे फक्त मोठे प्रसंग लिहिले जातात. ‘मलाही तसंच वाटतं’ हे जेवताना सहज म्हटलेलं वाक्यही लिही, कारण दिवसभरात तशीच जास्त असतात.

चौथा रकाना बहुतेकांना चकवतो. मानसशास्त्रज्ञ मायकेल स्लेपियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये गुपितांवरचे अभ्यास प्रसिद्ध केले. त्यात दिसलं की समोरच्यापासून गोष्ट प्रत्यक्ष लपवावी लागते त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा माणूस एकटा असताना तिच्याकडे वळतो, आणि त्रासाचा संबंधही या वळण्याशीच जास्त आहे. तुला येणारा थकवा केवळ अभिनयाचा नाही, रात्री छताकडे बघत केलेल्या तालमींचाही आहे. म्हणून ‘घरात कमी वेळ थांबलं की बरं वाटेल’ हा उपाय पुरत नाही. घराबाहेर पडलं तरी डोकं बरोबरच येतं.

दोन आठवड्यांनी कागद बघ. खोटं रचण्याच्या बऱ्याच नोंदी एखाद्याच माणसापाशी किंवा एखाद्याच वेळी साचलेल्या दिसतील. सुरुवात तिथून कर. खोट्याच्या जागी ठेवायला दोन-तीन वाक्यं तयार हवीत: ‘याबद्दल आत्ता नको बोलूया.’ ‘माझं अजून ठरलेलं नाही.’ ‘मला विचार करायला वेळ हवाय.’ पण ठरलेलं असेल तर ‘ठरलेलं नाही’ म्हणू नकोस, तेही खोटंच. ‘काही नाही, सगळं ठीक’ हे तर सगळ्यात जुनं खोटं. ही वाक्यं तुटकपणे फेकलीस तर उद्धटपणा वाटेल, म्हणून हळू बोल आणि बोलून झाल्यावर खोलीतून उठून जाऊ नकोस. पाच मिनिटं तिथेच बसून दुसरं काहीतरी बोल. काही आठवड्यांत घरच्यांच्या लक्षात येईल की तुझ्याकडे एक बंद खोली आहे. येऊ दे. खोली बंद आहे हे माहीत असलेला माणूस दार उघडल्यावर कमी दचकतो.

सूचक बोलण्याचा मात्र उपयोग नाही. ताकाला जाऊन भांडं लपवू नये हे खरं, पण नुसतं भांडं वाजवत बसलं म्हणूनही कोणाला काही कळत नाही. मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांचे १९९८ चे प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. खोटं बोलणाऱ्यांना वाटत होतं की आपण पकडले जाणार, पण ऐकणाऱ्यांना ते तितकंसं ओळखता आलं नाही. आपलं मन आपल्याला काचेचं वाटतं, बाहेरून ते भिंतीसारखं असतं. याचे दोन अर्थ. ‘सगळ्यांना संशय आलाय’ ही धास्ती बहुधा फाजील आहे. आणि ‘मी इतक्या वेळा सुचवलं, तरी त्यांनी मुद्दाम दुर्लक्ष केलं’ हा रागही बहुधा अन्यायाचा आहे.

पत्रात स्वतःला ‘ढोंगी’ म्हटलंस, ते मला पटलं नाही. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये ‘खरा स्व’ आणि ‘खोटा स्व’ अशी मांडणी केली. त्यांच्या मते खोट्या ‘स्व’चं कामच खऱ्याला लपवून राखायचं असतं. म्हणजे तो पहारेकरी आहे. घर सुरक्षित नसताना पहारेकऱ्याला हाकलणं हा शूरपणा नाही.

आता अपेक्षांकडे. ‘त्यांना हवंय’ असं तू जे जे लिहिलंस, त्यातलं प्रत्येक एका वेगळ्या कागदावर घे आणि पुढे लिही: हे कोणी म्हटलं, कोणत्या शब्दांत, केव्हा? काही वाक्यं चार वर्षांपूर्वीची निघतील, काही दुसऱ्याच कोणाबद्दल बोललेली, आणि काही कोणीच न बोललेली. जी खरोखर तुला उद्देशून आणि वारंवार बोलली गेलीत, तेवढ्यांशीच तुझा सामना आहे. आकडा निम्मा झाला तर नवल वाटून घेऊ नकोस.

आणखी एक, जरा कडू. झाकून ठेवलेली इच्छा कधी पारखली जात नाही, म्हणून ती चकाकत राहते. शाखा सोडून दुसरं काही करायचं असेल, तर आधी आठ आठवडे, आठवड्याला निदान चार तास ते काम करून बघ. त्यातला कंटाळवाणा भागही कर. आठव्या आठवड्यातही हात तिकडे वळत असेल, तर घरी सांगायला तुझ्याकडे इच्छेपेक्षा भक्कम काहीतरी असेल. हे फक्त कामधंद्याच्या निवडीला लागू आहे. प्रेम, श्रद्धा किंवा लैंगिक ओढ यांना कसली परीक्षा देऊन पास व्हावं लागत नाही, कोणी मागितली तरी.

धोक्याचं बोलू. सांगितल्यावर मारहाण होईल का? कोंडून ठेवतील का? कागदपत्रं काढून घेतील का? जबरदस्तीने लग्न लावतील का? घराबाहेर काढतील का? यातल्या एकाचंही उत्तर ‘होऊ शकतं’ असेल, तर आत्ता सांगू नकोस. अशा घरात स्वतःला वाचवायला बोललेलं खोटं मी खोट्यात धरत नाही, वरचा नियमही तिथे लागू नाही. तिथे आधी तयारी. ओळखपत्रं आणि गुणपत्रिका स्वतःच्या ताब्यात, त्यांच्या प्रती विश्वासू माणसाकडे. फक्त स्वतःच्या नावाचं बँक खातं आणि त्यात जमेल तसे साठवत तीन महिन्यांच्या खर्चाइतके पैसे. पंधरा दिवस राहता येईल असं एक घर. त्या घरच्यांना आजच विचारून ठेव, रात्री बारा वाजता दारात उभं राहून नाही. फोनचं कुलूप बदल आणि घरातल्या कोणाच्या दुसऱ्या यंत्रावर तुझी खाती उघडी नाहीत ना ते तपास. गुपितं बऱ्याचदा तिथूनच फुटतात.

धोका नसेल, तर पहिला माणूस निवड. तो सगळ्यात जवळचाच हवा असं नाही. दुसऱ्यांच्या गोष्टी जो तुला कधीच सांगत नाही, तो निवड. इतरांची गुपितं तुझ्या कानात सांगणारी ताई कितीही प्रेमळ असली तरी तुझंही तसंच पुढे सरकेल. सांगताना हेही सांग की याचं पुढे काय करायचं: ‘हे तुझ्यापाशीच राहू दे. कोणी विचारलं तर मलाच विचारायला सांग.’ त्या माणसाला दूत मात्र बनवू नकोस. आई-बाबांना तिसऱ्याच्या तोंडून कळलं, तर मूळ गोष्ट बाजूला राहते आणि ‘आम्ही परके झालो’ हे सुरू होतं.

आई-बाबांशी बोलण्याआधी मनातला राग कुठेतरी उतरवायला हवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर आणि त्यांच्या सहकारी सँड्रा बील यांच्या १९८६ मधल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्या सगळ्यात जिव्हारी लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. लिहून झाल्या झाल्या त्यांना जास्तच उदास वाटलं, पण घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या आरोग्यकेंद्राच्या फेऱ्या कमी झाल्या. तसं चार दिवस लिही. पहिल्या दिवशी वाईट वाटलं म्हणून सोडू नकोस, फारच असह्य झालं तर मात्र थांब. आणि ते लिखाण घरी कोणाच्या हाती देऊ नकोस, ते फाडायचंच असतं.

दोघांपैकी जो आधी ऐकून घेतो आणि मग बोलतो, त्याच्याशी आधी बोल. पण दुसऱ्याला एक-दोन दिवसांतच सांग, नाहीतर पहिल्याच्या डोक्यावर तुझं गुपित येऊन बसेल. पाहुणे नसलेला दिवस, संध्याकाळच्या आधीची वेळ, अर्धा-पाऊण तास मोकळा. शेजारी शेजारी चालत बोलणं समोरासमोर बसण्यापेक्षा सोपं जातं, नजर टाळल्यासारखी वाटत नाही. भांडणात कधीही सांगू नकोस, तिथे खरी गोष्टही दगडासारखी लागते.

वाक्यं तीनच. काय आहे, केव्हापासून आहे, आणि आज त्यांच्याकडून काय हवंय. उदाहरणार्थ: ‘मला ही शाखा पुढे न्यायची नाही. दीड वर्षापासून हे मनात आहे. आज होकार नको, फक्त शेवटपर्यंत ऐकून घ्या.’ मोठ्याने पाच वेळा म्हणून बघ. तिसऱ्या वेळी कुठला शब्द घशात अडकतो ते कळेल, तो बदल. कारणांची यादी देऊ नकोस. दहा कारणं दिलीस की त्यातलं सगळ्यात लंगडं उचलून तेच खोडलं जातं आणि बाकीची नऊ त्याच्याबरोबर वाहून जातात. पहिल्याच दमात माफीही नको. लपवल्याबद्दल वाईट वाटत असेल तर ते नंतर, वेगळं सांग. एकत्र आलं की असण्याबद्दलच माफी मागितल्यासारखं होतं.

प्रश्न ठरलेले येतात. ‘कोणी डोक्यात भरवलं?’ याला ‘कोणीच नाही’ एवढंच, मित्रमैत्रिणींची नावं घेऊ नकोस. ‘आमचं काय चुकलं?’ हे सांत्वन मागणं असतं, त्यावर खटला चालवू नकोस. ‘लोकांना काय सांगायचं?’ हा प्रश्न ऐकून तुला राग येईल. पण जो लोकांना काय सांगायचं याचा विचार करतोय, त्याने गोष्ट आहे हे निदान मनात धरलंय. ‘ते आपण मिळून ठरवू, तोवर कोणालाच नको’ असं म्हण.

दुसऱ्या दिवशी सकाळी बहुधा काहीच घडलेलं नसेल. सगळे असे वागतील की तू बोललंच नव्हतंस. हे नकारापेक्षा जड जातं आणि इथेच बरेच जण परत जुन्या भूमिकेत शिरतात. आठ-दहा दिवस जाऊ दे, मग एका वाक्यात विषय पुन्हा काढ: ‘परवा बोललो ते तसंच आहे.’ ‘सहा महिने थांब’ अशी तडजोड आली तर दोन गोष्टी विचार: सहा महिन्यांनी नेमकं काय होईल, आणि मधल्या काळात न परतवता येणारं काही ठरणार नाही ना? दोन्ही उत्तरं स्पष्ट मिळाली तरच हो म्हण.

समुपदेशकाकडे जाणार असशील, तर पहिल्याच भेटीत विचार की माझं बोलणं घरी कितपत सांगितलं जाईल. लैंगिक ओढ बदलून देतो म्हणणाऱ्याकडे पुन्हा जाऊ नकोस. जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आणि ती ‘बदलण्याचे’ उपचार अपायच करतात. दोन आठवडे झोप किंवा भूक बिघडलेली राहिली तर डॉक्टरांना भेट. जगणं नको वाटू लागलं, तर हे पत्र, नोंदी, तयारी सगळं बाजूला ठेव आणि त्याच दिवशी डॉक्टर, हेल्पलाइन किंवा जवळचा मोठा माणूस, जो आधी सापडेल त्याला गाठ.

कागद आजच घे. पहिल्या दिवशी चौथा रकाना भरता आला नाही तरी चालेल. चौदा दिवसांनी मला लिही, पण काय झाकलंय ते नको. खोटं रचण्याच्या नोंदी किती निघाल्या आणि त्यातल्या किती एकाच माणसासमोरच्या, एवढं कळव. पुढचं पत्र त्यावरून लिहीन.